भुजंगरावांची गिटार-व्हायोलिनची तबकडी

मित्रांनो, मला वाजवायचं यंत्र आता तुमच्या घरात सापडणार नाही. मी लाखेची जुनी तबकडी आहे. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी तापवून साच्यात दाबली आणि मला घडवलं. माझ्या अंगावरच्या बारीक रेघांत तीन मिनिटांची एक गत आहे. त्यात दोन गिटार आणि एक व्हायोलिन आहे. वाजवणारे सातासमुद्रापलीकडचे. गिटार घोड्याच्या टापांसारखा ताल धरते आणि व्हायोलिन तिच्या पाठीवर बसून मनाला येईल तिकडं उधळतं. या संगीताला जॅझ म्हणतात.

माझे पहिले मालक ग्रेगरी साहेब. ते पूर्णा जंक्शनवर इंजिन ड्रायव्हर होते. दर शनिवारी संध्याकाळी रेल्वेच्या क्लबात ते मला लावत आणि माझ्याबरोबर स्वतःचं व्हायोलिन वाजवत. तिथं झाडलोट करायला भुजंगराव नावाचे खलाशी, म्हणजे रेल्वेतले हरकामे मजूर, येत. माझा सूर लागला की त्यांचा झाडू थांबायचा. एकदा साहेबांनी व्हायोलिन सरळ त्यांच्या हातात दिलं. चार वर्षांत भुजंगरावांची बोटं साहेबांपेक्षा चपळ झाली. बासष्ट साली साहेब ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा व्हायोलिन, मला वाजवायचा चावीचा फोनो आणि मी, तिन्ही भुजंगरावांना देऊन गेले.

ते माझे सुखाचे दिवस होते. भुजंगराव ऐकून ऐकून शिकत. सुई उचलायची, मागं ठेवायची, पुन्हा ऐकायचं. एकेका जागेसाठी शंभर वेळा. माझ्या रेघा झिजल्या, खरखर वाढली. त्यांची बायको लवकर वारली. मुलगी सत्यशीला त्या खरखरीतच वाढली. लग्नकार्यात लोक भुजंगरावांना बोलावून नेत आणि म्हणत, "लय गोड वाजवता."

नोकरी संपल्यावर ते चारठाण्याजवळच्या आपल्या खेड्यात परतले. गावाच्या कडेला बौद्धवाडा होता. तिथं त्यांचं पत्र्याचं घर होतं. सत्यशीला तेव्हा सतरा वर्षांची होती आणि जिंतूरला शिकत होती.

अठ्ठ्याहत्तर सालचा आषाढ सरत आला होता. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाल्याची बातमी आली. भुजंगरावांनी अंगणात बाज टाकली, मला लावलं आणि माझ्याबरोबर मनसोक्त वाजवलं. शेजारची म्हातारी कडूबाई, जिला धड चालता येत नव्हतं, ती सरकत सरकत दारापर्यंत आली आणि टाळ्या वाजवू लागली.

ते वाजवणं गावात ऐकू गेलं होतं.

पाचव्या दिवशी भर दुपारी पन्नास-साठ माणसं आली. रस्त्यावर झाडं पाडलेली होती, टेलिफोनच्या तारा तोडलेल्या होत्या. कुऱ्हाडी होत्या, काठ्या होत्या. पुढं चंद्रभान होता, गावातल्या मोठ्या जमीनदाराचा मुलगा. मी घरात फोनोवर होते आणि सत्यशीलाही घरातच होती. दार एका लाथेत आत आलं.

"ठराव झाला म्हणून वाजवायलास व्हय रं?" चंद्रभाननं विचारलं.

"व्हय," भुजंगराव म्हणाले. "आनंद झाला म्हणून वाजवलं. त्यात तुमचं काय गेलं?"

एकानं खुंटीवरचं व्हायोलिन ओढलं आणि जात्यावर आपटलं. त्याचं पोट फुटलं, तारा सुटून भिंतीवर सपकन आदळल्या. दोघांनी भुजंगरावांना खाली पाडलं. एक त्यांच्या पाठीवर बसला. दुसऱ्यानं त्यांचा डावा हात ओढून जात्याच्या पाळीवर धरला. चंद्रभाननं कुऱ्हाड उलटी केली आणि तिच्या बोथट बाजूनं बोटांवर घाव घातला. एक. मग दुसरा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, मित्रांनो. भुजंगराव ओरडले ते एवढंच, "सत्यशीला, पळ!"

कुणीतरी फोनोला लाथ मारली. मी उडून वाकळांच्या ढिगावर पडले. माझ्या काठापासून आत दोन बोटं चीर गेली. सत्यशीलाच्या हाताशी त्या क्षणी मीच होते. तिनं मला पदराखाली घेतलं आणि मागच्या खिडकीतून उडी मारली.

कमरेएवढ्या ज्वारीतून वाकून पळत ती गौराबाईंच्या किराणा दुकानात शिरली. गौराबाई लिंगायत, विधवा. कपाळावर विभूती आणि गळ्यात लिंग. गावात सगळे त्यांना आक्का म्हणत. त्यांनी पोरीला आत नेऊन पोत्यांच्या मागं बसवलं आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. थोड्याच वेळात पावलांचा आवाज आला.

"आक्का, पोरगी हिकडं आली का?"

"आली," गौराबाई म्हणाल्या. "आत बसलीय. न्यायची आसल तर मी ह्या दारात हाय, आधी मला तुडवा."

एक दगड आला. तो लागल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला. सत्यशीलानं मला इतकं घट्ट धरलं की माझी चीर आणखी पुढं सरकली. पण गौराबाई हलल्या नाहीत, आणि माणसं आत आली नाहीत.

त्या दिवशी बौद्धवाड्यातली तेरा घरं जळाली. कडूबाई आपल्या घरातून बाहेर पडू शकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला पट्टी बांधलेल्या गौराबाईंनी आपल्या बैलगाडीतून भुजंगरावांना जिंतूरच्या दवाखान्यात नेलं. त्यांची दोन बोटं वाकडीच जुळली. पुढं खटला उभा राहिला. गावातून साक्षीला एकट्या गौराबाई आल्या. बाकी कुणी काही पाहिलंच नव्हतं. चंद्रभान सुटला.

बापलेक पूर्णेला राहायला गेले. मी पत्र्याच्या पेटीत, जुन्या धोतरात गुंडाळलेली. तेरा वर्षं मला कुणी उघडलं नाही. घरात रेडिओ लागला आणि त्यात व्हायोलिन आलं, तर भुजंगराव उठून बाहेर जात. सत्यशीला शाळेत शिक्षिका झाली.

एक्क्याण्णव साली ती हैदराबादहून एक कॅसेट घेऊन आली. जुन्या तबकड्यांवरचा आवाज उतरवून घेऊन, त्यातली खरखर काढून, दबलेले सूर वर आणून ती नव्यानं तयार केली होती. त्यात माझी गत होती.

"दादा, एकदा ऐका," ती बापाला म्हणाली.

भुजंगराव भिंतीकडं तोंड करून बसले. गत सुरू झाली. खरं सांगते, मला मत्सर वाटला. पेटीतून मी स्वतःलाच ऐकत होते, पण किती निराळी! माझ्यात दबून गेलेली दुसरी गिटार स्वच्छ ऐकू येत होती. व्हायोलिनवाल्यानं लांब सूर घेण्याआधी ओढलेला श्वाससुद्धा कळत होता. कुणीतरी पायानं ठेका धरला होता. तो ठेका माझ्या अंगावर इतकी वर्षं होता आणि कुणालाच माहीत नव्हता.

"थांब," भुजंगराव एकदम म्हणाले. "मागं घे. तिथंच."

तिनं कॅसेट मागं घेतली. त्यांनी डोळे मिटले.

"तिथं दोन सूर हायेत, सत्यशीला. मी जल्मभर एकच वाजवला." त्यांचा डावा हात मांडीवर ते दोन सूर शोधू लागला. वाकडी बोटं दुमडलीच नाहीत. मग ते रडले, तेरा वर्षांत पहिल्यांदा. नंतर त्यांनी मला पेटीतून काढायला लावलं आणि धोतराच्या सोग्यानं हळूहळू पुसलं.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "आक्काला हे ऐकवायचंय." त्या गावात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असं म्हणणारा माणूस स्वतःहून एसटीत बसला. सत्यशीलानं टेपरेकॉर्डर घेतला आणि मलाही पिशवीत ठेवलं.

गौराबाई फार थकल्या होत्या. भुजंगरावांना पाहून आधी त्यांनी मनातलं ओझं उतरवलं.

"त्या दिवशी मी पोरीसाठी दारात हुबी व्हते. मागल्या बाजूनं त्यांनी माझ्याच दुकानातले रॉकेलचे डबे नेले. कडूबाई माझ्या रॉकेलनं जळली, भुजंगा."

"तुमी दिलं न्हवतं, आक्का."

"न्हाई दिलं. पर झोप लागत न्हाई."

भुजंगरावांनी ओट्यावर टेप ठेवला आणि गत लावली. गौराबाई हनुवटीवर हात ठेवून ऐकत राहिल्या. लोक गल्लीत थांबले. गत संपली.

"लय झ्याक वाजवलंस, भुजंगा," गौराबाई म्हणाल्या.

"ह्यात मी न्हाई, आक्का. हे विलायतेचे हायेत."

"मग तुझं कुठाय?"

भुजंगरावांनी वाकडी बोटं उजव्या हातात धरली. "माझं कुणी भरूनच घेतलं न्हाई."

मित्रांनो, माझ्यासारख्या तबकड्या उन्हापासून, ओलीपासून जपा. त्यांच्यावरची खरखर काढणारी यंत्रं आता निघाली आहेत. भुजंगरावांचं वादन मात्र माझ्या रेघांत नाही आणि जगातल्या कुठल्याच तबकडीत नाही. तुमच्या गावात कुणी वाजवत असेल तर आजच जाऊन ऐका. आणि त्याचा हात मोडायला कुणी आलं, तर त्याच्या दारात उभे राहा.