देवाच्या खाली उपाशी

मी मुळी बोलतेय, आंब्याची. अहो, खाली बघा, खाली! जो तो वर फळांकडं बघत बोलतो, त्यानं माझं डोकंच फिरतं.

निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात मुकुंदवाडीच्या कारभारी नावाच्या माणसानं अंगणात कोय पुरली आणि मी बाहेर पडले. तेव्हापासून मला स्वस्थ बसणं माहीत नाही. दगड आला की वळसा, ओल लागली की धाव. पाणी आणि त्यात विरघळलेले मातीतले क्षार मी वर पाठवते. पानं उन्हात पाणी सोडतात आणि खालून आणखी ओढून घेतात. ते जातं लाकडातून. पानं जे गोड अन्न करतात, ते मात्र सालीतून खाली येतं, माझ्यासाठी.

झाड मांडीएवढं जाड झालं, तेव्हा कारभारीच्या बायकोनं, सारजाबाईनं, धुणं वाळत घालायला खोडाला तार बांधली. लई आवळून. पुढं धुणं दुसरीकडं वाळू लागलं, खोडाभोवतीचा तारेचा वेढा तसाच राहिला. झाड वाढलं, तार सालीत रुतली आणि दिसेनाशी झाली. लाकूड शाबूत होतं, म्हणून पाणी वर जायचं. अन्न मात्र तारेपाशी अडायचं. ते साठून वर फुगवटा आला, पोट सुटल्यासारखा, आणि त्यावर सोंडेसारखी एक घडी.

झालं! गल्लीला गणपती दिसला. शेंदूर आला, नारळ आले. त्यात आंबेही कधी नव्हे इतके गोड लागले. लागणारच, माझ्या वाटणीचं त्यांच्यात उतरत होतं! लोक म्हणायचे, देवाची कृपा.

मग माझी टोकं मरायला लागली. वर पाणी कमी पडलं, पानं पिवळी झाली. देव तहानला म्हणून सारजाबाई रोज घागर ओतायची. असा राग यायचा मला! बाई, पाणी मीच देते सगळ्यांना. मला खायला पाहिजे.

एकदा शेंदूर लावताना तिच्या सुनेच्या, आवडाबाईच्या, बोटाला काहीतरी टोचलं. तिनं साल उकरली आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, देवाच्या पोटाखाली तार हाय."

सारजाबाईनं बोट फिरवलं. आपल्याच हातचा पीळ तिनं ओळखला. कारभारी म्हणाला, राहू दे, देवाला छिन्नी लावली तर गल्ली तोंडात शेण घालेल. सारजाबाई उठून घरात गेली. छिन्नी-हातोडा घेऊनच बाहेर आली.

"देव आसंल तर समजून घेईल. झाड मरून चाललंय."

तार तुकड्या-तुकड्यानं निघाली. शेजारणी तिच्या अंगणात येईनाशा झाल्या. तिला ते फार लागलं. खोडाला टेकून ती रडायची.

साल जुळायला वेळ लागतो. जुळते की नाही, या धास्तीनं मी नुसती तळमळत होते. काल एका बाजूनं थोडासा गोडवा खाली उतरला. इतका थोडा की टोकांना वाटून द्यायचा कसा ते कळेना. विहिरीपर्यंत गेलेली माझीच एक बारीक पांढरी मुळी उपाशीपोटी अजून वर पाणी पाठवत होती. आधी तिला दिला, मग उरलेला मी घेतला.

ऊन चढलंय, वर पानं ओढ लावतायत, मला थांबता येत नाही. सारजाबाई, रडू नको गं. जेवले मी.