उपरण्याखालचा हात

मिरची खुडून आलेल्या बोटांची धग अजून माझ्या तळहातावर आहे. डोणगावच्या शिवारात, माघातल्या कोवळ्या उन्हात, अनसूयाबाईंचा हात माझ्या उपरण्याखाली आला तेव्हा मी त्यांचा चेहरा निरखत होतो, आणि त्यावर काहीच नव्हतं. पाटाचं पाणी पुढे निघून गेल्यावर ओल्या मातीवर राहतो तसा नुसता शांत उजेड होता. याच चेहऱ्याची एक भुवई उचलली गेली की एके काळी मुंबईच्या थिएटरांत पडद्यावर नाणी खणखणत.

पुण्याच्या एका मासिकात नुकतंच कुणीतरी लिहिलं की बोलपट आले, बाईंची गावंढळ जीभ आड आली आणि मूकपटांची ही राणी कायमची मुकी होऊन खेड्यात विझली. वाचून माझं डोकं फिरलं. मी बीबी गावच्या बाजारात बैलांची दलाली करून वर आलेला आणि पुढे फिरत्या सिनेमाचा तंबू घेतलेला माणूस. लेखणी माझा धंदा नाही. पण खोटा माल कुणी खरा म्हणून खपवू लागला की मला गप्प बसवत नाही.

बोलपटासाठी आवाज तपासला तेव्हा त्यांच्या ‘मले’, ‘तुले’वर आणि ‘का’च्या जागी येणाऱ्या ‘काऊन’वर स्टुडिओतले शिकलेले लोक हसले आणि म्हणाले, जीभ बदलून या. बाई निघाल्या त्या थेट बापाच्या वावरात आल्या. तीस वर्षं त्यांनी वांगी पिकवली, मिरची पिकवली, आणि फोटोवाला दिसला की पाठ फिरवली. तुरीच्या ओळींमधून चालत जाणारी ती पाठ मी पाहिली आहे. हरलेल्या माणसाची पाठ इतकी ताठ नसते.

त्यांच्या एका मूकपटाची रिळं मला एका बंद पडलेल्या थिएटरात सापडली. बाकी कुठेच काही उरलं नव्हतं. पण मुका सिनेमा आता बघणार कोण? बाई स्वतः तंबूत खुर्चीवर बसल्या तर सारा तालुका लोटेल, असा माझा बेत.

“बाई, नुसतं बसा. बोलाचं काई काम नाई,” मी म्हणालो.

“काऊन बे, तंबूवाल्या? मी काय बैल आहो, लोकायनं दात पाहाले?”

मी भडकलो. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा होतो आणि भोवतालच्यांना काही कळत नाही. रागाच्या भरात मी उपरणं पसरलं. “मंग तुमीच सांगा, काय पायजे!”

त्यांनी माझं एक बोट दाबलं. एकच खेळ. मग कापडाखालीच तळवा उताणा केला.

“खेळ झाला का रिळं मले. अन् खुर्ची नोको. पडद्याच्या मांगून बोलीन मी.”

एकदा तंबू भरला की दुसऱ्या खेळाला राजी करू, असं मनात ठेवून मी ते बोट परत दाबलं. आयुष्यात एवढा कच्चा सौदा मी दुसरा केला नाही.

दिवस मावळल्यावर पडद्यावर विशीतली राणी उभी राहिली. राजा तिला भर दरबारात वाकायला सांगतो, ती मान वर करते, ओठ हलतात. आणि त्या गोऱ्या, कोवळ्या ओठांवर पन्नाशी ओलांडलेला, खोल विहिरीतून वर आल्यासारखा आवाज येऊन बसला.

“मी काऊन वाकू बे? तुले जे करा लागते ते कर!”

तंबूभर हसू फुटलं. “राणी तं आपल्याच गावची हाय रे!” पुढच्या रांगेतून कुणी ओरडलं. आवाज थांबला नाही. हसणं हळूहळू धुळीसारखं खाली बसत गेलं, आणि मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, “हाव माय, नोको वाकू!”

खेळ संपला. बाई पडद्यामागून आल्या आणि उपरण्याशिवाय, साऱ्यांदेखत, त्यांनी हात पुढे केला.

“बाई, लोक मागून राह्यले. अजून एक खेळ लावू.”

“तीस वर्सं कोनी मांगला नाई माहा आवाज. आता मी देत नाई.”

मी रिळं दिली. चडफडत दिली.

पुढे काही वर्षांनी बाई वारल्यावर त्यांच्या पुतण्यानं माझ्यासमोर डबा उघडला. आत रिळं नव्हती, जुनी फिल्म आपोआप कुजून झालेली मधाच्या रंगाची भुकटी होती. त्या भुकटीवर मी आजही चिडतो. नागपूरपर्यंत चालला असता तो खेळ. पण डोणगावात नांगर धरलेली एखादी बाई कुणा सावकाराला, कुणा सासऱ्याला “मी काऊन वाकू बे?” म्हणते, तेव्हा माझा तळहात पुन्हा झोंबतो. चेहरा जपायला यंत्र होतं, तरी चेहरा गेला. आवाज जपायला कुणीच काही केलं नव्हतं. जिला ते मासिकवाले मुकी म्हणतात, काळाच्या हातून तिचा आवाजच तेवढा सुटला.