आतून उभा, बाहेरून आडवा

मी एक जुना फडका आहे. सुती, एकेकाळचा पांढरा, हातभर लांबीचा. मोटारीच्या काचा आतल्या बाजूनं पुसणं हे माझं काम होतं. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, फडक्याला कसलं आलंय आयुष्य? मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण माझ्यासमोर जे घडलं ते मनातून जात नाही, म्हणून सांगतो.

फडका होण्याआधी मी एका चादरीचा भाग होतो. ती चादर अकरा वर्षं एकाच पलंगावर अंथरली गेली. धुऊन धुऊन तिचा सगळा ताठा गेला आणि ती मधोमध विरली, तेव्हा मालकीणबाईंनी कडेचे धड भाग कापून चार फडके केले. त्या घरीच शिवणकाम करायच्या. आमची सुतं सुटून काचेला चिकटू नयेत म्हणून त्यांनी आम्हां चौघांच्या कडा दुमडून बारीक टीप घातली. नवं कापड या कामाला चालत नाही. त्याला खळ असते. ते पाणी पीत नाही, नुसतं इकडून तिकडे ढकलतं. आम्ही मात्र पाणी असं पीत होतो की मालक म्हणायचे, "हे फडके नाहीत, तहानलेली माणसं आहेत."

मालक भाड्याची मोटार चालवायचे. गाडी स्वतःची, जुनी, पण काचा अशा की आत बसणाऱ्यानं एकदा तरी खिडकी उघडी आहे समजून बाहेर हात काढायला जावं आणि बोटं आपटून घ्यावीत. स्टँडवरचे ड्रायव्हर त्यांना 'चकाचक' म्हणायचे. मालकांना त्याचा राग नव्हता. उलट कुणी विचारलंच तर ते गाडी सावलीत घेऊन सगळं करून दाखवायचे.

"बाहेरून कुणीही पुसेल," ते म्हणायचे. "आतून पुसण्यात खरी गंमत आहे."

आतल्या काचेवर धूळ नसते, मित्रांनो, तिथं एक पातळ चिकट थर असतो. उन्हात तापलेल्या प्लास्टिकचा, माणसांच्या श्वासांचा, टेकलेल्या डोक्यांच्या तेलाचा. तो दिसत नाही. समोरून ऊन आलं की एकदम सगळी काच पांढरी होते. मालक आधी खिडकीची काच दोन बोटं खाली घेऊन तिची वरची कड पुसायचे, कारण मळ तिथं लपून बसतो. पाणी ते काचेवर कधीच उडवत नसत, फडक्यावर घेत, आणि तेही जेमतेम. माझा एक भाऊ ओला, तो थर काढायचा. त्याच्या मागोमाग मी कोरडा. शेवटचा हात माझा. पुढच्या काचेचा खालचा कोपरा मोठा अवघड. तिथं ते मला हाताच्या पाठीवर गुंडाळायचे आणि बोटं काचेकडे उलटी करून आत सरकवायचे.

आणि एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. काच आतून पुसायची ती उभ्या हातानं, वरून खाली. बाहेरून पुसायची ती आडव्या हातानं. म्हणजे फराटा राहिलाच तर तो उभा आहे की आडवा ते बघायचं आणि कुठल्या बाजूला राहिलाय ते कळतं. पुन्हा सगळी काच पुसायला नको. एवढ्याशा युक्तीचं त्यांना फार कौतुक होतं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. चित्रकलेच्या एक निवृत्त बाई. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागे. चार तास त्या छताकडे बघत पडून राहायच्या. मग घरी येऊन पुन्हा पलंग. मधला अर्धा तास गाडीचा. मागं डावीकडे बसून त्या सगळा रस्ता खिडकीला डोळे लावून असायच्या.

"तुमच्या गाडीतून झाडाची पानं सुटी सुटी दिसतात," एकदा त्या म्हणाल्या. "माझ्या घरच्या खिडकीतून नुसता हिरवा गोळा दिसतो."

त्या दिवशी मालकांनी मला झटकून, चौपदरी घडी घालून दाराच्या कप्प्यात ठेवलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक तेच. त्यानंतरचं सांगावंसं वाटत नाही, पण सांगतो.

एका मार्चमध्ये मालक पुढच्या काचेवर बोट ठेवून म्हणाले, "इथं राहिलंय." मी तिथून तीनदा फिरलो. तिथं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच, डावीकडे. संध्याकाळी समोरच्या गाड्यांच्या दिव्यांभोवती त्यांना रंगीत कडी दिसायची आणि ते म्हणायचे, काचेवर तेल आहे. सकाळी एकदा पुसायचे ते आता दुपारीही पुसू लागले, मग प्रत्येक फेरीनंतर. व्हिनेगर झालं, स्पिरिट झालं, वर्तमानपत्राचे बोळे झाले. मला उकळत्या पाण्यात घातलं. माझे दोन भाऊ या सोसण्यात फाटून गेले.

मग मालकीणबाईंवर आलं.

"तू यात ते वासाचं औषध घालतेस," मालक म्हणाले. "कपडे मऊ करायचं. त्याचाच थर बसतो काचेवर."

"फडक्यांना मी कधी घातलंय का? साध्या साबणानं धुते. वेगळ्या बादलीत."

"मग हे काय आहे?"

मालकीणबाई गाडीत शिरल्या. त्यांनी काचेवर बोट फिरवलं, डोकं इकडून तिकडे करून पाहिलं.

"काच स्वच्छ आहे हो," त्या म्हणाल्या.

"तुला दिसत नाही."

त्या गाडीतून उतरल्या. मालक बराच वेळ काचेसमोर बसून राहिले. शेवटी स्वतःशीच म्हणाले, "उभा पण नाही नि आडवा पण नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. मी त्या काचेच्या इतका जवळ होतो की तिच्यावर माशीनं पाय ठेवला असता तरी मला समजलं असतं. जो फराटा आतला नाही आणि बाहेरचाही नाही, तो काचेवरचा नव्हताच. पण मी सांगणार कसा? दुसऱ्या दिवशी मालकांनी दुकानातून पिवळे, लुसलुशीत, नवे सहा फडके आणले आणि माझी रवानगी हात पुसायच्या कामावर झाली. पिवळ्यांनाही तो फराटा निघाला नाही.

अपघात भर दुपारी झाला. स्वच्छ ऊन होतं, रस्ता रिकामा होता. मालक बाईंना डायलिसिसहून घरी आणत होते. वळणावर डावीकडून एक पाववाला सायकलवर येत होता, मागं मोठी पत्र्याची पेटी बांधलेली. त्यानं घंटी वाजवली. मला ऐकू आली. पुन्हा वाजवली. मालकांनी गाडी तशीच डावीकडे वळवली.

पेटी आपटल्याचा आवाज मोठा होता. माणूस पडल्याचा फारसा झालाच नाही. रस्ताभर पाव पसरले. पाववाला उठायला गेला आणि तसाच खाली बसला, त्याचा पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळला होता. बाईंचं कपाळ पुढच्या सीटच्या लोखंडी कडेवर आपटलं होतं. जखम लहान, नखाएवढी. पण डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून औषध देतात, त्यामुळे ते रक्त थांबेना. मालकांनी कप्प्यातून हाताला लागलं ते ओढलं, तो मी होतो. मला त्यांनी बाईंच्या कपाळावर दाबून धरलं. मी पाणी पिणारा फडका. त्या दिवशी मी जे प्यायलो त्यानं जड झालो. बाईच त्यांना सांगत होत्या, "घट्ट धरा. घाबरू नका. घट्ट धरा."

लोक जमले. कुणीतरी दुसरी गाडी आणली आणि पाववाला, बाई दोघांनाही दवाखान्यात नेलं. बाई वाचल्या. पाववाल्याच्या पायात सळई घालावी लागली. पुढं मालक आणि मालकीणबाई त्याला भेटायला गेले तेव्हा तो भांडला नाही की रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मी दोनदा घंटी वाजवली होती." सायकल त्याला पुन्हा चालवता आली नाही.

हे मला कळलं ते दोरीवर वाळत असताना. मालकीणबाईंनी मला थंड पाण्यात भिजवून, मीठ लावून चार वेळा धुतलं, तरी मधोमध तपकिरी डाग राहिलाच. मग मी काचेच्या कामाचा उरलो नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, दोरीच्या टोकाला माझी जागा झाली. तिथून घरातलं सगळं ऐकू येतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दोघं आले तेव्हा कितीतरी वेळ कुणी दिवा लावला नाही. स्टँडवरचा एक बुटका ड्रायव्हर, मालकांचा जुना दोस्त, चौकशीला आला. त्याला मालकीणबाईंनी सांगितलं.

"काचबिंदू म्हणाले. डावा जवळजवळ गेलाय. उजव्याला मधलं तेवढं दिसतं, कडेचं नाही. नळीतून बघावं तसं."

"ऑपरेशन करतात ना त्याचं?"

"तो मोतीबिंदू. याचं गेलेलं परत येत नाही. आहे ते राखायला थेंब दिलेत. वर्षभर आधी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं, म्हणाले."

बुटका बिचारा म्हणाला, "आजाराच्या नावातसुद्धा काचच आली की." बोलून गेल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी. चहा न घेताच तो उठला.

तो गेल्यावर मालक पहिल्यांदा बोलले. भिंतीकडे तोंड होतं.

"मला माहीत होतं."

मालकीणबाईंच्या हातातली कपबशी वाजली.

"मार्चपासून. एक दिवस डावा डोळा चोळताना उजवा झाकला गेला, तर समोरचं कॅलेंडर अर्धं गायब. मी मनाला म्हटलं, काचेमुळे डोळे दुखतायत. काच काय, पुसता येते."

मालकीणबाईंनी कपबशी खाली ठेवली. म्हणाल्या, "तुम्ही दोनदा चहा कपाबाहेर ओतलात. मी पाहिलं होतं. पुसून घेतलं नि गप्प बसले. म्हटलं, बोलले तर गाडी सुटेल, आणि गाडी सुटली तर तुम्ही."



सहा आठवड्यांनी बाई आल्या. दुसऱ्याच्या गाडीतून, भाचीचा हात धरून. दारातल्या तीन पायऱ्या चढायला त्यांना खूप वेळ लागला. मालक उठून उभे राहिले आणि खुर्ची शोधायला हात पुढं करताना त्यांचा हात बाईंच्या खांद्याला लागला.

"माफ करा," मालक म्हणाले. त्यांचं ते एका धक्क्याबद्दल नव्हतं.

"मी माफी मागायला आलेय," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोन वेळा माझं फाटक ओलांडून पुढं गेला होतात. एकदा लाल दिवा तुम्हाला दिसलाच नाही. मी मागं बसून सगळं बघत होते. बोलले नाही. ही गाडी बंद झाली तर मला खिडकी कुठली, एवढाच विचार केला मी. त्या पाववाल्याच्या पायात माझाही वाटा आहे."

मालकांनी खुर्ची चाचपून त्यांच्यापुढं सरकवली. बाई थोडा वेळ बसल्या आणि गेल्या. पुढच्या हिवाळ्यात त्यांचं निधन झालं. शेवटचे महिने त्यांना ज्या गाडीतून नेत, तिच्या काचांना काळा कागद लावलेला होता, असं भाची सांगत होती.

गाडी एका माणसानं घेतली. पिवळे फडके गाडीबरोबर गेले. मी डागाळलेला, म्हणून मागं राहिलो. मालक आता सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब घालून घेतात. मालकीणबाई पापणी धरतात, ते मुकाट मान मागं टाकतात. तरीही त्यांच्या दृष्टीची नळी बारीक होत चालली आहे. परवा त्यांना समोर बसलेल्या मालकीणबाईंचा चेहरा पुरा दिसेना. "हनुवटी दिसते," म्हणाले, "डोळे बघायला मान वर करावी लागते." मालकीणबाई शिवण खाली ठेवून त्यांच्याजवळ सरकल्या. याहून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मित्रांनो, मीही ओळखलं होतं, पण मला तोंड नव्हतं. त्या तिघांना तोंड होतं. ते एकमेकांवर माया करत होते आणि त्या मायेपोटीच गप्प राहिले. म्हणून तुम्हाला एक विनंती करतो. तुमच्या घरी कुणी तीच काच, तोच चष्मा, तोच आरसा पुन्हा पुन्हा पुसत असेल, तर त्याला नवा फडका आणून देऊ नका. त्याच्याजवळ बसा. त्याला आधी एक डोळा झाकायला सांगा, मग दुसरा. आणि काय दिसत नाही ते त्याला मोठ्यानं बोलू द्या. उत्तर ऐकायची भीती वाटेल. तरी विचारा.