एक ओळ कमी

आधी हात माझ्यावर ठेवा. दोन्ही. तळवे टेकवून. तेल नाही, शाई नाही, ठीक आहे. आता बोलतो. मी कीबोर्ड. लिफ्टदुरुस्तीच्या एका कारखान्यात, स्टोअरशेजारच्या प्रशिक्षणाच्या खोलीत, खिडकीकडच्या टेबलावर असतो. आल्या-आल्या हात कसले तपासतोय, असं तुम्हाला वाटलं असेल. शेवटपर्यंत ऐकलंत की नाही वाटणार.

संशय माझ्या पाचवीलाच पुजलेला आहे. ज्या दिवशी मी तयार झालो, त्याच दिवशी एका यंत्राने माझी एकेक कळ ठोकून पाहिली. कौतुक नाही, काही नाही, आधी शंका. मग मला खोक्यात बंद केलं आणि खोक्यावर शिक्का मारला, 'तपासले'. तेव्हापासून मीही सगळ्यांना तपासतो.

माझी पहिली नोकरी याच कारखान्याच्या तक्रारींच्या खिडकीमागे होती. लिफ्ट अडकली, लिफ्ट हलते, लिफ्टचं दार बंद होत नाही, हे सगळं माझ्यावर टाइप व्हायचं. माणसं मला तिथे कळली. माणूस काय लिहितो ते पडदा दाखवतो, पण लिहून काय पुसतो ते फक्त मला ठाऊक असतं. 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो' या वाक्याआधी तिथला कारकून जे लिहून पुसायचा, ते मी चारचौघांत सांगणार नाही. एका बाईंनी राजीनामा अकरा वेळा लिहिला आणि अकरा वेळा पुसला. आज त्या तिथल्या मुख्य आहेत आणि नव्या लोकांना निष्ठेवर भाषण देतात. आता सांगा, विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

पुढे त्या खिडकीला नवा, चपटा, आवाज न करणारा कीबोर्ड आला. मला उलटं करून झटकलं, बिस्किटांचा चुरा पडला मूठभर, आणि माझी रवानगी या खोलीत झाली. एक गोष्ट लक्षात ठेवा, मला डोळे नाहीत. पण बोटं ओळखतो आणि कान तिखट आहेत.

या खोलीत मला वहिनी भेटल्या.

वहिनी स्टोअर सांभाळायच्या. कारखान्यात शिपायापासून मोठ्या मिस्त्रींपर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. बाईंना मोजायची सवय. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी नट, बोल्ट, वायशर, हातमोजे, सगळं मोजून वहीत लिहायच्या. एक वायशर कमी भरला तर घरी जायच्या नाहीत. वीस वर्षं असं मोजल्यावर त्यांच्यापुढे एक संधी आली होती. नव्या मेकॅनिकांना सुरक्षेचे नियम शिकवायला एक माणूस हवा होता. मोठे मिस्त्री म्हणाले, "लेखी परीक्षेत सगळे एकमेकांचं बघून लिहितात आणि मग वर जाऊन जीव धोक्यात घालतात. कॉम्प्युटरवर प्रश्नमंजूषा करा. वीस प्रश्न, चार-चार पर्याय, दर वेळी उलटसुलट क्रमाने आले पाहिजेत. शनिवारी परीक्षा. नीट पार पडली तर प्रशिक्षकाची जागा तुमची."

वहिनींनी त्याआधी कॉम्प्युटर फक्त पुसला होता.

शिकवायला आली त्यांची धाकटी नणंद. तिला घरीदारी बेबीताई म्हणत, वय बेचाळीस. ती माझ्या जुन्या खिडकीमागेच कामाला होती आणि तक्रारींचा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. जेवणाच्या सुट्टीत यायची, खुर्ची ओढायची आणि भराभरा सांगायला लागायची. वहिनी तोंडाने "हो, हो" म्हणायच्या, पण त्यांची बोटं माझ्यावर ताठ असायची. ही स्वतःहून कशी आली? हिचा यात काय फायदा? त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. माझ्याही.

याला कारण होतं. दहा वर्षांपूर्वी वहिनी धाकट्याच्या वेळी दवाखान्यात होत्या, तेव्हा बेबीताईने मदत म्हणून त्यांचं सगळं स्वयंपाकघर नव्याने लावलं होतं. न विचारता, न सांगता. घरी आल्यावर वहिनींना दोन दिवस मिठाचा डबा सापडला नव्हता. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. फोनवर बहिणीला मात्र अजून सांगायच्या, मी ऐकलंय.

पहिली चूक मंगळवारी निघाली. बरोबर उत्तर दिलं तरी प्रोग्राम 'चूक' म्हणत होता.

"तुमच्या कॉम्प्युटरला नियम माहीत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "काम करण्याआधी मेन स्विच बंद करायचा, हे तो चूक म्हणतोय!"

"माझा कुठला, वहिनी? तुम्ही त्याला काय सांगितलंत, बरोबर उत्तर तिसरं. मग पर्याय पत्त्यांसारखे पिसलेत. आता तिसऱ्या जागी दुसरंच कुणी जाऊन बसलंय."

"मग?"

"तुमच्या स्टोअरात बोल्ट तिसऱ्या खणात आहेत आणि कुणी रात्रीतून खणच बदलले तर?"

"खण बदलणारी माणसं असतात हो," वहिनी म्हणाल्या.

बेबीताईच्या डोक्यावरून गेलं. मला बरोबर कळलं.

"तर खणाचा नंबर नाही, वस्तू लक्षात ठेवायची. बरोबर उत्तराचे शब्दच जपून ठेवायचे. मग ते कुठेही जाऊन बसू दे."

हे मात्र वहिनींना पटलं. स्टोअरच्या भाषेत सांगितलं की त्यांना सगळं पटायचं. त्यांनी दोन बोटांनी, एकेक कळ शोधत, आपल्या हाताने ती दुरुस्ती केली. प्रोग्राम 'बरोबर' म्हणाला तेव्हा त्यांनी माझ्यावर हलकेच थाप मारली. आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणी थोपटलं. त्या दिवसापासून मी उघड उघड वहिनींच्या पार्टीत गेलो.

त्याच दिवशी बेबीताईने वरच्या बाजूला एक ओळ घातली होती. भरभर बोलत होती, "कॉम्प्युटर मनाने काही पिसत नाही बरं का. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यायचा, त्यावरून तो क्रम ठरवतो. मी सात दिलाय. सात आहे तोवर दर वेळी तोच क्रम येणार, चुका शोधायला बरं पडतं. नंतर ही ओळ..." तेवढ्यात तिच्या खिडकीवरून हाक आली आणि ती पळाली. वहिनींच्या हाती त्यातलं एवढंच लागलं की सात हा आकडा काहीतरी मोठा आहे. त्यांनी वहीत लिहिलं, 'सात. महत्त्वाचे,' आणि दोन वेळा अधोरेखित केलं. उठून विचारायला जाता आलं असतं. पण नणंदेला एक गोष्ट दोनदा विचारणं त्यांच्या जिवावर यायचं.

बुधवारपर्यंत प्रोग्राम पुरा झाला. पहिला प्रश्न नेहमी तारेच्या दोराचाच यायचा. वहिनींच्या वहीत तो चौदावा होता. म्हणजे क्रम बदलला, यावर त्या खूश. संध्याकाळी त्यांनी सवयीने ओळी मोजल्या. एकशे चौदा. अख्खा प्रोग्राम वहीत हाताने उतरवून घेतला आणि मगच घरी गेल्या.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत वहिनी मालाची गाडी उतरवायला गेल्या होत्या. दार वाजलं. बेबीताईची बोटं, मी लगेच ओळखली. पंधरा सेकंदांचं काम. वरच्या एका ओळीवर गेली, पुसून टाकली, जतन केलं आणि निघून गेली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी मनात म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

संध्याकाळी वहिनींनी मोजलं. एकशे तेरा.

पुन्हा मोजलं. एकशे तेरा. मग वही काढून ओळीला ओळ लावत गेल्या आणि सातपाशी थांबल्या. "महत्त्वाचे," त्या पुटपुटल्या. "बघितलंस? ऐन वेळी माझा प्रोग्राम बंद पडायला हवा, म्हणजे नाव हिचं व्हायला मोकळं." हे त्या माझ्याशीच बोलत होत्या, कारण खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी ती ओळ वहीतून बघून परत घातली. आता लपवून काय करू, माझी एक कळ घट्ट आहे, एरवी दोनदा दाबावी लागते. त्या दिवशी मी ती एका दाबात जाऊ दिली.

एकशे चौदा. वहिनी निश्चिंत घरी गेल्या.

शुक्रवारी सगळ्या मेकॅनिकांना सरावाची मुभा होती. सात जणांनी एकेकदा सराव केला. आठव्याचं नाव पाना. चाळिशीचा गडी, मागच्या खिशात सदानकदा पाना, म्हणून हे नाव. त्याने चारदा सराव केला. वहिनींना त्याचं कौतुक वाटलं, म्हणाल्या, "बघा, शिकायची हौस!" मला मात्र त्याची बोटं आवडली नाहीत. चौथ्या वेळी ती वाचायला थांबतच नव्हती.

शनिवारी सकाळी परीक्षा झाली. एकेक जण येऊन बसला. कुणाला बारा, कुणाला पंधरा. मग पाना बसला. त्याचा उजवा हात माझ्यावर आणि डावा तळवा माझ्या कडेला उघडा. तीन, एक, एक, चार, दोन... प्रश्न पडद्यावर येतो न येतो तोच कळ दाबली जात होती. तळवा घामाने ओला होता आणि त्यावरची शाई माझ्या लांब कळेला लागत होती. मला ओरडायचं होतं. पण मला ओरडायची कळ दिलेली नाही.

वीसपैकी वीस. दोन मिनिटांच्या आत.

"उठ," मोठे मिस्त्री म्हणाले. "मेन स्विच कुठे असतो हे तू मला गेल्या आठवड्यात दोनदा विचारलंस. हात दाखव."

पानाने हात दाखवला.

"प्रश्न उलटसुलट येतात ना, वहिनी? मग याला क्रम कुणी सांगितला? मशीन तुमच्या ताब्यात, किल्ली तुमच्या कमरेला."

वीस वर्षांत ज्या बाईंचा वायशर कमी भरला नाही, त्यांना आठ मेकॅनिकांसमोर पेपर फोडणारी ठरवलं जात होतं. बेबीताई दारात येऊन उभी होती.

"मला काय विचारता, यांना विचारा!" वहिनींचा आवाज चिरकला. "गुरुवारी माझ्या माघारी यांनी माझ्या प्रोग्राममधली ओळ काढली. मी मोजल्यात ओळी. माझी जागा जावी म्हणून केलं हे!"

"जागा जावी म्हणून?" मोठे मिस्त्री म्हणाले. "अहो, या जागेसाठी तुमचं नाव बेबीताईंनीच सुचवलं होतं. तीनदा येऊन बसल्या होत्या माझ्यापुढे. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या."

मग बेबीताई पुढे आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "काढली होती, वहिनी. ती ओळ असली की क्रम बदलत नाही, दर वेळी तोच येतो. परीक्षेआधी काढायचीच होती ती." ती थांबली. "मग परत कुणी घातली?"

खोलीत हे फक्त दोघांना ठाऊक होतं, वहिनींना आणि मला. आणि मी तर बोलत नाही. वहिनींना सहज म्हणता आलं असतं की कॉम्प्युटरचं काय सांगावं, आली असेल आपोआप. मोठ्या मिस्त्रींना पटलंही असतं. खरं सांगतो, मला तेच हवं होतं.

वहिनींनी वही उघडून टेबलावर ठेवली, अगदी माझ्या शेजारी.

"मी घातली," त्या म्हणाल्या. "एकशे चौदा होत्या, एकशे तेरा झाल्या. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"मला वाटलं, तुम्ही परत माझं स्वयंपाकघर लावलंत."

मेकॅनिकांना काही कळेना. बेबीताई मात्र खुर्चीवर मटकन बसली. "दहा वर्षं?" ती म्हणाली. "दहा वर्षं मनात ठेवलंत? अहो, तेव्हाच दोन शब्द सुनवायचे होते मला."

"आणि तुम्ही एक चिठ्ठी लिहायची होती. तेव्हाही आणि परवाही."

"हो," बेबीताई म्हणाली. "लिहायला हवी होती. कंटाळा केला."

मोठ्या मिस्त्रींनी सगळ्यांचे निकाल रद्द केले. वहिनींनी सगळ्यांसमोर ती ओळ स्वतःच्या बोटाने पुसली. या वेळी मी घट्ट राहिलो नाही आणि सैलही झालो नाही, कळेने वागावं तसा वागलो. मग पानाला परत बसवलं. वीसपैकी सहा. त्या सहांत मेन स्विच नव्हता. ज्या माणसाला मेन स्विच सापडत नाही, तो सोमवारपासून लिफ्टच्या खड्ड्यात उतरणार होता. जागा, अपमान, नणंद, सगळं बाजूला राहिलं. वहिनी पानाला म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. आत्ता. हात लावून दाखवते." आणि त्याला घेऊन गेल्या.

जागा त्यांना लगेच मिळाली नाही. "तीन महिने बघू," मोठे मिस्त्री म्हणाले. ते तीन महिने चालू आहेत. पाना तिसऱ्या खेपेला सतरा गुण मिळवून पास झाला, स्वच्छ हातांनी. त्याची शाई मात्र माझ्या लांब कळेवरून गेली नाही. वहिनींच्या जुन्या मालाच्या यादीत आता मीही आहे: 'कीबोर्ड, एक, डाग असलेला.' रोज संध्याकाळी मोजतात मला.

परवा बेबीताई जेवणाच्या सुट्टीत आली. वहिनी नव्हत्या. तिने एका ओळीत काहीतरी बदललं आणि जाताना एक कागद ठेवून गेली. संध्याकाळी वहिनींनी तो मोठ्याने वाचला: "वहिनी, एक्केचाळिसावी ओळ बदलली आहे. कारण मागे लिहिलंय."

मी कान टवकारले. पण कागद उलटल्याचा आवाज आला नाही. वहिनींनी ओळी मोजल्या, एकशे तेरा भरल्या. मग त्यांनी तो कागद तसाच, न उलटता, मला जरा उचलून माझ्याखाली सरकवला आणि दिवा बंद करून घरी गेल्या.

तेव्हापासून तो माझ्या पोटाखाली आहे. मागे काय लिहिलंय, खरंच काही लिहिलंय की नुसताच कोरा आहे, या विचाराने माझा जीव टांगणीला लागलाय. तुमचे हात स्वच्छ आहेत, मी तपासलेत. जाता जाता मला एवढं उचला आणि तो कागद उलटून...

नको. राहू द्या.