दसऱ्याचे तेल

मी एक जुना मल्लखांब आहे, आणि पाया पडणाऱ्या माणसांचा मला मनस्वी कंटाळा आहे. मित्रांनो, दचकू नका. डिलाईल रोडवरच्या आमच्या व्यायामशाळेत साठ वर्षे जमिनीत पाय पुरून उभे राहिलात, तर तुमचाही स्वभाव असाच होईल.

जातीचा मी शिसवी. दगडू सुताराने वडाळ्याच्या एका वखारीत मला हेरले आणि महिनाभर रंधा मारून घडवले. खाली जाड, वर निमुळता, डोक्यावर गोल बोंड. तेव्हा गिरणीची पाळी सुटली की माणसे आधी माझ्याकडे येत. अंगाला कापसाची तुसे चिकटलेली असत. दोन उड्या, पायांच्या चार अढ्या, आणि घरी. फार नाही, पण रोज. त्यांना मी माणसे म्हणतो.

गिरण्या बंद झाल्या आणि माझ्या वाट्याला हौशे, नवशे, गवशे आले. एक जानेवारीला इथे पाय ठेवायला जागा नसते. दहा तारखेला माझ्या बोंडावर कुणाचा तरी टॉवेल वाळत असतो. पहिल्याच दिवशी शंभर सूर्यनमस्कार घालणारा दुसऱ्या दिवशी मला कधी दिसला नाही. तो घरी पाय शेकत असतो. आरंभशूर मेले!

या जत्रेचा मुकुटमणी म्हणजे हितेंद्र. वय पस्तीस, आवाज दहा जणांचा. त्याला व्यायाम आठवतो तो दसऱ्याच्या आधी तीन आठवडे. मग सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास आणि वर डझनभर उकडलेली अंडी. दसरा झाला की स्वारी वर्षभर गुडूप.

दुसरी अपेक्षा. परळच्या एका इस्पितळात एक्स-रे काढते. रोज साडेपाचला येते, माझ्यावर तळहात फिरवून तेल बघते, जास्त असेल तर पुसते, कमी असेल तर बोटभर लावते. एरंडेल कमी पडले की कातडी सोलवटते, जास्त झाले की माणूस घसरतो. मग वीस मिनिटे कसरत करून ती कामाला जाते. खरे सांगतो, मला तिचेही कौतुक नव्हते. नऊ वर्षांत एक दिमाखदार उडी नाही. बेचव बाई, असे मी मनात म्हणे.

गेल्या वर्षी आमचे गुणाजी मास्तर थकले. मुलांचा वर्ग आणि व्यायामशाळेची किल्ली कुणाला देणार, हे ते दसऱ्याला सांगणार होते. हितेंद्रने ‘नवे प्रशिक्षक’ म्हणून स्वतःच्या फोटोचा बॅनर आधीच छापून घेतला. अपेक्षानेही किल्ली मागितली होती, पण एकदाच.

दसऱ्याला माझी पूजा होते. झेंडूचा हार, आपट्याची पाने, नारळ. त्या दिवशी हितेंद्रची भक्ती उतू गेली. शनिवारी मारुतीवर ओतावे तसे त्याने बाटलीभर एरंडेल माझ्या डोक्यावर रिकामे केले. पहिली सलामी नऊ वर्षांच्या श्रेयाची होती. ती धावत पुढे आली. अपेक्षाने सवयीने माझ्यावर हात फिरवला आणि तिचा दंड धरून तिला मागे ओढले.

"थांब गं. मास्तर, तेल जास्तच झालंय. पाच मिनटं द्या, पुसून घेते."

"पूजेचं तेल पुसायचं? आजच्या दिवशी?" हितेंद्र हसला. "काय यार अपेक्षा, नऊ वर्षं नुसती घाबरतेस. सरक, मी जातो पहिला."

"हितेंद्र, ऐक रे."

"व्हिडिओ काढा कुणीतरी!"

तो झेप घेऊन माझ्या मानेपर्यंत पोहोचला आणि तिथून थेट खालच्या गादीवर आला. मनगट मुरगळले. खोटे कशाला बोलू, मला फार आनंद झाला.

मग श्रेयाकडे लक्ष गेले. ती तोंडावर हात धरून उभी होती. तिथून ती पडली असती. तिला वाचवले ते रोज माझ्यावरून फिरणाऱ्या त्या हाताने, ज्याला मी बेचव म्हणत आलो. साठ वर्षे लोकांना नावे ठेवली आणि समोरचे चांगले माणूस मला ओळखता आले नाही. मला स्वतःची लाज वाटली.

अपेक्षा फडक्याने तेल पुसत होती. मास्तरांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

"उद्या साडेपाचाक तू उघड."

हितेंद्र मनगट धरून बसला होता. त्याने विचारले, "आणि मी, मास्तर?"

"तू?" मास्तरांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. "तू फक्त रोज ये रे."

दुसऱ्या दिवशी तो आला. तिसऱ्या दिवशी आला नाही, आणि मी मनात म्हटले, संपले नव्याचे नऊ दिवस. चौथ्या दिवशी तो पुन्हा आला, अपेक्षाकडून फडके मागून घेतले आणि डाव्या हाताने मला पुसू लागला. माझा त्याच्यावर अजून विश्वास बसलेला नाही. पण तो येतो.

तर मित्रांनो, मला हार घालू नका. माझ्यापुढे शपथा घेऊ नका, त्या ऐकून माझे कान किटले आहेत. उद्या सकाळी या. थोडेच करा. आणि कंटाळा आला, तरी परवा या.