बांगड्यांसकट हात

रखमा गेल्याचा फोन आला तेव्हा हैबती सुतार पोलादपूरच्या बाजारात रंध्याचं पातं घेत होता. सकाळी चांगली चालती-बोलती महाडला गेलेली बायको, दुपारी तिचं हृदय बंद पडलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचा कागद आला. दरड कोसळली तर माणसं कशी काढायची, हे डोळ्यांवर चष्मा चढवून शिकवणारं या कंपनीचं यंत्र महाडच्या एका शेडमध्ये आलं होतं. रखमानं बचाव पथकासाठी त्यावर चाचणी दिली होती. कागदावर लिहिलं होतं : हात अस्थिर, अयोग्य.

तीस वर्षं भाताची लावणी केलेले हात! हैबती तडक शेडमध्ये गेला.

कंपनीची इंजिनिअर साक्षी समजावू लागली. चष्म्याबरोबर घालायच्या हातमोज्यातून आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज निघतो. छताचे माइक तो टिपतात. किती वेळात पोचला, त्यावरून हात कुठे आहे ते यंत्र ठरवतं.

"काचेच्या बांगड्या वाजल्या की त्यातही तसाच आवाज असतो, काका. मी काकूंना काढायला सांगितल्या होत्या. त्यांनी ऐकलं नाही."

"मंग हात हलला का यंत्र फसलं?"

साक्षीनं कागद परत त्याच्याकडे सरकवला.

हैबती तिथून उठला तो येसूबाई कासारणीकडे. साबण लावून लावून तिनं त्याच्या रुंद हातांत डझनभर हिरव्या बांगड्या चढवल्या. तीन फुटल्या.

"दादा, लोकं हसतील रे."

"हसू देत गो. तू भर."

शेडमध्ये चाचणीला आलेल्या बायका खरंच हसल्या. "हैबतीदादा, वटी पन भरू काय?"

त्यानं हातमोजा घालून चष्मा चढवला. पडद्यावर त्याचा हात बेडकासारखा उड्या मारू लागला. रंधा धरणारा हात. हसणं थांबलं.

"लिव," तो म्हणाला. "हैबती सुतार, अयोग्य. नायतर तिचं 'अयोग्य' खोड."

"हात टिपणारी दुसरी पेटी आहे, चुंबकाची," साक्षी हळूच म्हणाली. "तिला आवाजाशी घेणंदेणं नाही. पण लोखंडाजवळ तिचा अंदाज चुकतो. ही शेड सगळी लोखंडी."

"दरड येल तवा बायका बांगड्या काढीत बसनार नायत. पेटी आन. लाकडी मांडव मी घालतो."

त्यानं आपल्या अंगणात सागाचे खांब उभे केले. खिळा एकही नाही, सगळ्या बांबूच्या खुंट्या. मधे पेटी ठेवली. सात बायकांचे हात बांगड्यांसकट पडद्यावर जागच्या जागी राहिले. हैबतीचाही.

पण वरचे साहेब म्हणतात, मेलेल्या माणसाची चाचणी पुन्हा घेता येत नाही. हैबती दर सोमवारी बांगड्या घालूनच शेडमध्ये जातो आणि विचारतो, "खोडलं काय?"

रखमाच्या नावापुढचं 'अयोग्य' अजून खोडलेलं नाही.