खूण असेल तोच आत

मी संदर्भसूची बोलतेय. प्रबंधाच्या अगदी शेवटी असते ना, जिथं येईतो वाचणाऱ्याला जांभया सुटतात, तीच मी. ज्यांच्याकडून शिकलो त्यांची नावं घेणं, एवढंच माझं काम. मला ते फार आवडतं.

माझा जन्म लातूरचा. तेव्हा तिथं गल्लोगल्ली क्लासेसचं पेव फुटलं होतं. बबिता दिवसा अशाच एका क्लासात शिकवायची आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीत संगणकावर प्रबंध लिहायची. विषय होता, भूकंपाआधीच्या गावांतली पेवं, म्हणजे ज्वारी साठवायचे जमिनीतले खोल खड्डे. भूकंपात तिची आई गेली, तेव्हा ती तान्ही होती. औशाजवळच्या साखराबाई आत्यानं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं.

मला घडवलं ते संगणकातल्या अक्षरजुळणीच्या प्रणालीनं. तिची रीत कडक. आधी प्रत्येकाची माहिती भरून ठेवायची, मग मजकुरात ज्याचा आधार घेतला तिथं खूण करायची. खूण असेल तोच माझ्यात येतो. नसेल तर कितीही थोर असो, बाहेर! मार्गदर्शक अनंतराव सर त्याहून कडक. एक स्वल्पविराम हलला तरी त्यांच्या कपाळाला आठ्या.

प्रबंध सरांना दाखवायच्या आदल्या दिवशी आत्या धपाटे घेऊन एसटीनं आली. बबितानं हौसेनं तिला माझ्यातली नावं वाचून दाखवली.

"ही कोण मंडळी गं?"

"ज्यांच्याकडून मी शिकले ती, आत्या."

"लई जणांचे उपकार हायत की तुझ्यावर! कुणाला इसरू नको बाई."

स्वतःचं नाव तिनं विचारलंसुद्धा नाही. बबिताला मात्र ते माझ्यात कुठंच सापडेना. पेवाला आतून कडबा कसा लावायचा, तोंड उघडल्यावर आतली कोंडलेली विषारी हवा जाईतो का उतरायचं नाही, हे सगळं आत्यानंच तर सांगितलेलं. पण घरच्या माणसाचे आभार मानायची आपल्याकडे रीतच नाही, त्यामुळे तिला ते सुचलंच नव्हतं.

तिनं घाईघाईनं 'मुलाखत' म्हणून आत्याची माहिती भरली. तरी मी उमटले ती आत्याविनाच. मजकुरात खूण कुठं होती? मग बबिता पहिल्या पानापासून वाचत बसली आणि जिथं जिथं आत्या सापडली, तिथं तिथं खूण करत गेली. पानंच्या पानं खुणांनी भरली. तिचे डोळेही भरले.

दुसऱ्या दिवशी सरांचं बोट माझ्यावरून फिरता फिरता थांबलं. "या कोण?"

"माझी आत्या, सर. शाळेत नाही गेली."

मला धडकी भरली. सरांनी पेन काढलं, आत्याच्या नावापुढचा चुकलेला स्वल्पविराम दुरुस्त केला आणि म्हणाले, "मुलाखतीचं गाव राहिलंय, तेवढं घाला." किती बरं वाटलं म्हणून सांगू!

आता मी बांधीव प्रतीत, आत्याच्या ट्रंकेत असते. मला काही कमी नाही. तुम्हीही कधी सूची करायला बसलात, तर एकदा घरी जाऊन या, एवढंच मागणं.

प्रत घरी आली त्या दिवशी आत्या कुंकवाचा करंडा घेऊन बसली. नव्या वस्तूला कुंकू लावल्याशिवाय तिला चैन पडत नाही. बबितानं तिचं बोट धरून तिच्या नावावर ठेवलं.

"अन् हे माझ्या वर-खाली कोण हायत?"

"मोठे अभ्यासक आहेत, आत्या."

"मग आधी त्यास्नी लावते," आत्या म्हणाली. "शेजारी हायत माझे."